मथूच्या नावाची भाजी

शाळेत नोकऱ्या केलेल्या चार बायका एकत्र बसल्या, की आधी गुडघे निघतात, मग सुना निघतात आणि मग किस्से. हे किस्से मुद्दाम कोणी साठवलेले नसतात. माळ्यावर टाकलेल्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात आणि एक ओढायला जावं तर पाच खाली येतात. आमच्या नगरच्या मुलींच्या शाळेचं म्हणाल, तर निम्मेअधिक किस्से एका कासवाचे आहेत. आता कासव म्हणजे काही बोलकं जनावर नव्हे. त्यानं जन्मात एकच काम केलं, ते म्हणजे खाल्लं! पण त्याच्या खाण्यावर आम्ही लढाईचे दिवस काढले, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. आम्हीही पुष्कळ हसलो होतो.

*

कासव आलं ते एका मुलीच्या वडिलांकडून. ते रेल्वेत होते, काठेवाडाकडून बदलून नगरला आले आणि वर्षाच्या आत पुन्हा लांब कुठंतरी बदली झाली. जाताना त्यांनी कासव निसर्गाभ्यासासाठी म्हणून शाळेला दिलं. जेवणाच्या ताटलीएवढं, काळं, पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या.

आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. मिशनातल्या, करारी. खोटं बोलणारी मुलगी त्यांना फाटकातूनच ओळखू यायची. कासवाचं वय कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं मथुशलह. बायबलात सगळ्यांत जास्त जगलेला माणूस तो. मुलींच्या तोंडी त्याचा दुपारपर्यंत मथू झाला.

आता ठेवायचं कुठं? शिपाई गंगारामनं कोणाला विचारलंच नाही. खेड्यात नवी विहीर बांधली की तिच्यात कासव सोडतात, पाणी चांगलं राहतं म्हणून. शाळेत विहीर नव्हती, हौद होता. गंगारामनं मथूला हात जोडले आणि दिलं हौदात सोडून. पण मथू जमिनीवरचं कासव, त्याला पोहता कुठलं येतंय? तो दगडासारखा तळाला गेला.

शिवण शिकवणाऱ्या रूथबाई तेव्हा शेजारून चालल्या होत्या. रूथबाई म्हणजे खळ घातलेली पांढरी साडी, निरीला निरी जुळलेली. आम्ही त्यांना कधी जमिनीवर टेकलेलं पाहिलं नव्हतं, निऱ्या चुरगळतील म्हणून. त्या बाई कंबरभर पाण्यात उतरल्या, तळ चाचपला आणि कासव काढून वर आल्या. त्याला उलटं धरून पाणी झटकलं, उन्हात ठेवलं आणि मोठ्या बाईंना म्हणाल्या, "साडी वाळेपर्यंत मला तास घेता येणार नाही."

मोठ्या बाईंनी गंगारामला बोलावलं. तो जागचा हललाच नव्हता.

"बाई, आमच्याकडं हिरीत लई कासवं हायेत," तो म्हणाला, "पर बुडनारं कासव म्या पयल्यांदाच बगितलं."

त्या दिवसापासून मथू रूथबाईंचा झाला. तसं कोणी ठरवलं नव्हतं, पण जीव वाचवणाऱ्याचा हक्क असतोच.

*

मथू खातो काय, यावर मात्र प्रत्येकीचं मत होतं. आमच्यातल्या ताराबाई पुणतांब्याच्या. माहेर गोदावरीकाठचं, मोठा मळा, आणि दर आठवड्याला रेल्वेनं त्यांच्याकडं भाजीचं पोतं यायचं. मी पारनेर तालुक्यातली, आमचे लोक ख्रिस्ती, पण कोरडवाहू शेती बाकीच्यांसारखीच. मी मामांकडं केडगावला राहायची आणि चालत शाळेत यायची. ताराबाई मला "दुष्काळीण" म्हणायच्या. प्रेमानं, पण म्हणायच्या.

ताराबाईंनी पहिल्या आठवड्यात मेथीची जुडी आणली. कोवळी, लुसलुशीत, नदीकाठची. मथूनं मान बाहेर काढली, वास घेतला आणि पाठ फिरवून चालू लागला. कासवानं पाठ फिरवायला वेळ लागतो, त्यामुळं तो अपमान सगळ्या वर्गाला सावकाश बघायला मिळाला.

मी केडगावच्या रस्त्यावर बांधाकडची पाथरी उपटून आणली होती. ती त्यानं देठासकट संपवली!

"दुष्काळी दिसतंय," ताराबाई म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढं आम्हाला त्याची आवड कळत गेली. घोळीची भाजी दिसली की तो अक्षरशः धावायचा, म्हणजे कासव धावतं तितकं. तांदुळजा आवडीचा. शेवग्याचा पाला थोडा सुकवून दिला तर खायचा, ओला नाही. जास्वंदीचं फूल पडलेलं दिसलं की वाकडी वाट करून जायचा. मेथी कधीच नाही. कोबीचं पान नाइलाजानं. आणि टाकळा, जो पावसाळ्यात पैशाला पासरी उगवतो, त्याच्यावरून तो सरळ चालत जायचा.

*

एकदा मधल्या सुट्टीत मुली किंचाळत आल्या, मथू रक्त ओकतोय. आम्ही धावलो. खरंच त्याचं तोंड, हनुवटी, पुढचे पाय, सगळं लालभडक. दोन मुली रडत होत्या. मोठ्या बाईंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. गंगारामला दवाखान्यात पिटाळलं, तर तो कंपाउंडरला आयोडिनच्या बाटलीसकट घेऊन आला. कंपाउंडर म्हणाला, "पेशंट कुठाय?" आम्ही बोट दाखवलं. त्यानं आमच्याकडं पाहिलं, कासवाकडं पाहिलं, आणि बाटली खिशात ठेवली.

रूथबाई खाली वाकल्या, लाल रंग रुमालानं पुसला आणि वास घेतला. कुंपणापलीकडं फड्या निवडुंग होता. त्याची पिकलेली बोंडं खाऊन मथू परतला होता. मोठ्या बाईंची प्रार्थना तोवर निम्म्यावर आली होती. ती त्यांनी तशीच आभारात वळवली.

*

मग दुसऱ्या महायुद्धाची झळ नगरलाही लागली. भिंगारकडं लष्करी ट्रक दिवसभर धुरळा उडवत जायचे आणि गावात रेशनच्या रांगा. ज्वारी मिळायची ती किडकी. गरीब बाया ओढ्याकाठी, रस्त्याकडेला घोळ, टाकळा, कुरडू खुडताना दिसू लागल्या. खुडण्यात वाईट काहीच नाही, पण शाळेतली बाई रस्त्यात वाकून टाकळा खुडताना दिसली असती, तर तिच्या घरी चूल पेटत नाही, हे गावानं बाहेरूनच ओळखलं असतं. आम्ही शिकलेल्या होतो ना! शिकलेल्या माणसाला भूक लपवावी लागते.

त्या पावसाळ्यात रूथबाई म्हणाल्या, मथूची भाजी यापुढं मी आणत जाईन. शाळा सुटली की त्या एक मोठी पिशवी घेऊन निघायच्या. वाटेत कोणी विचारलं, तर ताठ मानेनं सांगायच्या, "शाळेच्या कासवासाठी." लोकांना कौतुक वाटायचं.

मला एक दिवस पिशवीत टाकळा दिसला. मी हसत म्हटलं, रूथबाई, टाकळ्याला तर तो तोंड लावत नाही.

"माझ्या हातून खातो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाहते तर त्या शिवणाच्या वर्गात एका कोपऱ्यात घोळ निवडत बसलेल्या. देठ वेगळे, पानं वेगळी. मी म्हटलं, कासवाला निवडून कशाला? तर म्हणाल्या, त्याच्या घशाला देठ लागतात.

मी हा किस्सा हसून हसून ताराबाईंना सांगितला. ताराबाई हसल्या नाहीत. त्यांचं घर रूथबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्या घरातून मागाचा आवाज येत नाही आता. सूतच मिळत नाही."

रूथबाईंचे यजमान हातमागावर लुगडी विणायचे. घरात चार मुलं आणि म्हातारी सासू. ते सगळं आता एका शिवणाच्या शिक्षिकेच्या पगारावर चाललं होतं. माझं हसू जागच्या जागी थांबलं. मला फार वाईट वाटलं आणि काय करावं ते काही सुचेना, कारण रूथबाई कोणाकडून कपभर चहासुद्धा घेत नसत. घेतलाच तर दुसऱ्या दिवशी परत पाजत.

*

ताराबाईंचा स्वभाव सरळसोट. त्यांनी सोमवारी बाजरीच्या पिठाची पिशवी आणली आणि मधल्या सुट्टीत रूथबाईंपुढं ठेवली. "मथूसाठी आणलंय."

रूथबाईंनी पिशवीचं तोंड उघडून पाहिलं, पुन्हा बांधलं आणि ती ताराबाईंच्या हातात दिली.

"कासव पीठ खात नाही, ताराबाई."

त्या रागावल्या नव्हत्या. पण आम्हाला सीमा कळली. कासव खाईल तेच रूथबाई घेतील, दुसरं काही नाही. म्हणजे त्या घरी काही पोचवायचं तर आधी ते मथूच्या तोंडून जायला हवं होतं!

मग आमची डोकी चालू लागली. ताराबाईंनी माहेरून भुईमुगाचे वेल मागवले, मुळांसकट, शेंगांसकट. "पाला मथूला आवडेल. शेंगा तोडायला माणूस मिळाला नाही," असं म्हणून भारा ठेवला. रूथबाईंनी भाऱ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "पाला खाईल तो." आणि भारा घरी गेला.

झालं, आम्हाला किल्ली सापडली. त्या हिवाळ्यात आमच्या शाळेत झाडपाल्याचा जो अभ्यास झाला, तो कुठल्या कॉलेजात झाला नसेल. ज्याचा पाला कासव खातं आणि ज्याला खाली किंवा वर माणसाचंही काही लागतं, असं काय काय आहे? रताळ्याचे वेल, रताळ्यांसकट. हरभऱ्याचे डहाळे, घाट्यांनी लगडलेले. भोपळ्याचा वेल, आणि त्याला चुकून राहिलेला भोपळा. मी मामांच्या रानातून मुळे नेले, पाल्यासाठी. शाळेच्याच आवारातल्या मोठ्या बाईंच्या बंगल्यातला शेवगा तर महिन्यातून एकदा छाटला जाऊ लागला, आणि पाल्याबरोबर शेंगा यायच्याच.

मथू खूश होता. त्याच्या वाटचा पाला त्याला इमानानं मिळायचा. त्यात रूथबाईंनी कधी कसूर केली नाही.

*

एक माणूस तेवढा या कटात नव्हता, तो म्हणजे गंगाराम. एका सकाळी ताराबाईंचा भुईमुगाचा भारा आला आणि आम्ही वर्गावर गेलो. परत येतो तर गंगाराम व्हरांड्यात घाम पुसत बसलेला. त्यानं सगळ्या शेंगा तोडून एका टोपलीत भरल्या होत्या आणि ती टोपली ताराबाईंच्या खुर्चीजवळ नेऊन ठेवली होती. स्वच्छ पाला रूथबाईंच्या टेबलाशेजारी.

ताराबाई त्याच्यावर जे उखडल्या! मी उखडले. मोठ्या बाईंनी बाहेर येऊन विचारलं आणि ऐकून त्याही त्याला बोलल्या, ज्याचं काम त्यानं करावं म्हणून. गंगाराम हतबुद्ध झाला. रूथबाई मान खाली घालून काजं करत होत्या.

"बाई," गंगाराम शेवटी रडवेला होऊन म्हणाला, "शेंगा लागून कासव मेलं असतं तर मलाच बोलला असता ना तुमी."

संध्याकाळी ताराबाईंनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कुठून तरी डहाळ्यांची पेंढी घेऊन आला, आणि ती रूथबाईंच्या टेबलाशेजारी ठेवून घंटा द्यायला गेला.

*

पौषात थंडी फार पडली. एका सकाळी मी लवकर पोचले, तर मथू हौदाच्या भिंतीलगत पडलेला. मी हात लावला. मान आत गेली नाही. गंगाराम आला, त्यानं पाहिलं आणि टोपी काढली.

आम्हाला एकच काळजी, रूथबाईंना सांगायचं कसं? आम्ही ठरवलं, मोठ्या बाईंना येऊ द्यावं, त्याच सांगतील. पण मी प्रार्थनेच्या रांगा लावून परत आले तर मथू जागेवर नव्हता. शेवग्याखाली माती नुकती उकरलेली, वरून सारखी केलेली. आणि रूथबाई हौदावर हात धूत होत्या. नखांत माती.

दुपारी त्यांनी नेहमीची पिशवी काढली. मी पाहत होते. ती खांद्याला लावत त्या म्हणाल्या, "मथूला आज भूक बरी आहे."

मी "हो का" म्हटलं.

मी कोणालाच सांगितलं नाही. पण आठवड्याच्या आत माझ्या लक्षात आलं, की ताराबाईंना माहीत आहे. गंगारामला होतंच. मोठ्या बाई तर शेवग्याकडून जाताना रोज पदर डोक्यावर घेत. कोणी कोणाशी बोललं नाही. मुलींना रूथबाईंनी सांगितलं होतं, थंडीत तो पाल्यात दडून असतो, त्याला उकरायचं नाही. भारे येत राहिले, डहाळे येत राहिले, आणि रूथबाई रोज सांगत राहिल्या की आज त्यानं काय खाल्लं. त्यांना वाटत होतं, की हे फक्त त्यांनाच माहीत आहे. सांगताना त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, आणि मला वाटायचं, यातून आता ही बाई सुटावी. पण सोडवायचं कुणी?

*

अशात तपासणी आली. इन्स्पेक्ट्रेस बाई भल्या होत्या, मुलींशी गोड बोलणाऱ्या. निसर्गाभ्यासाच्या तासाला त्यांनी दुसरीतल्या एका मुलीला विचारलं, तुमचं कासव काय खातं?

पोरगी चुणचुणीत. "घोळ, पाथरी, तांदुळजा, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, रताळी, भोपळा आणि मुळा!"

"शेंगा खातं?" इन्स्पेक्ट्रेस बाई चकित झाल्या. "मला बघायचंय हे कासव. आणा बरं."

रूथबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा साडीसारखा पांढरा झाला. त्यांनी ओठ उघडले. त्या खरं सांगणार होत्या, मला दिसत होतं, सगळ्या वर्गापुढं, सगळ्या शाळेपुढं.

तेवढ्यात मोठ्या बाई बोलल्या. ज्यांनी खोटं बोलल्याबद्दल मुलींना उन्हात उभं केलं होतं, त्या मोठ्या बाई.

"आत्ताच जेवून झोपलंय," त्या म्हणाल्या. "उठवलं की दिवसभर जेवत नाही."

मी म्हटलं, "फार हट्टी आहे." ताराबाई म्हणाल्या, "माझ्या हातची तर मेथीसुद्धा घेत नाही." मागून गंगाराम म्हणाला, "व्हय बाई, झोप लई हाय त्याला."

इन्स्पेक्ट्रेस बाई हसल्या आणि पुढच्या वर्गाकडं गेल्या. रूथबाई मात्र दाराशीच राहिल्या. त्यांनी आधी मोठ्या बाईंकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग ताराबाईंकडं, मग गंगारामकडं. एकेकाकडं, सावकाश. त्या दिवशी त्यांनी पिशवी नेली नाही.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले होते. इथं एक सांगायला हवं. त्या काळी आम्ही एका खोलीत जेवत असलो, तरी ताराबाई खिडकीजवळ वेगळी चटई टाकून बसत. आम्ही ख्रिस्ती, आणि त्याआधी आमचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे होते, हे सगळ्या गावाला ठाऊक. ताराबाईंच्या घरी सोवळंओवळं, सासू कडक. त्या आमच्याशी हसत, भांडत, जीव लावत, पण आमच्या हातचं पाणीही पीत नसत. आम्ही ते मनाला लावून घेत नव्हतो, असं आम्ही म्हणायचो.

रूथबाई आल्या त्या वेताची पाटी घेऊन. वर स्वच्छ फडकं. त्या आल्या आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर जमिनीवर बसल्या. निऱ्या चुरगळल्या, त्यांनी पाहिलंही नाही. फडकं काढलं. आत भाकरीची चवड, आणि पातेल्यात डाळ घातलेली घोळीची भाजी, वर लसणाची फोडणी. वास खोलीभर झाला. आपल्या घरातलं किती पीठ त्यांनी त्या भाकऱ्यांना लावलं असेल, ते मला त्या चवडीकडं पाहूनच कळलं.

मोठ्या बाईही आल्या होत्या. दाराशी गंगाराम. रूथबाईंनी ताटल्या मांडल्या. एक खिडकीच्या बाजूलाही मांडली.

"आज हे कासवाचं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या घरचं आहे. वाढू का?"

आम्ही खिडकीकडं न बघण्याचा प्रयत्न करत होतो आणि सगळे तिकडंच बघत होतो.

ताराबाई उठल्या. त्यांनी आपला डबा बंद केला. चटईची गुंडाळी करून भिंतीला लावली. मला वाटलं, निघाल्या. त्या आल्या आणि रूथबाईंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ मांडी घालून बसल्या.

"भाकरी अख्खी वाढा, रूथबाई," त्या म्हणाल्या. "चतकोरानं माझं भागत नाही."